येनातली जनसुनावणी

जर्मनीहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? ऱ्हाइन पाहिली का, किल्ले पाहिले का, तिथल्या गाड्या खरंच मिनिटाला मिनीट धावतात का? ऱ्हाइन राहिली. किल्ला एक पाहिला, तोही चुकून. गाड्यांचं पुढे सांगते. २०१७च्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे जर्मनीत होते आणि त्यातले बरेचसे दिवस सीरियातल्या एका खोऱ्यात गेले. म्हणजे त्या खोऱ्याच्या नकाशासमोर, आणि तिथून उठून आलेल्या माणसांमध्ये.

मी नगररचना आणि प्रादेशिक नियोजन शिकवते. त्याआधी बरीच वर्षं मराठवाड्यात पाणीपुरवठ्याच्या योजनांवर काम केलं. रेनाटे नावाच्या एक जर्मन प्राध्यापिका पुण्यातल्या एका परिषदेत भेटल्या होत्या. येनातल्या एका छोट्या संस्थेत त्या एक आराखडा करून घेत होत्या. लढाईने मोडलेलं एक खोरं पुन्हा कसं वसवायचं, पाणी, शेती, शाळा, रस्ते कसे बसवायचे की ते पन्नास वर्षं टिकेल, असा. "दुष्काळी भागात काम केलेलं माणूस हवंय मला," त्यांनी लिहिलं, "या आणि आमच्या चुका दाखवा." चुका दाखवायला कोण नाही म्हणेल? मी गेले.

एर्लांगेन

आधी चार दिवस धाकट्या भावाकडे होते. मिलिंद एर्लांगेनला वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. बायको प्रज्ञा, मुलगी तारा, तिसऱ्या मजल्यावर घर, खाली तळघरात सायकली. मी ज्वारीचं पीठ नेलं होतं. पहिल्याच दिवशी प्रज्ञाने खिडक्या सताड उघडून पिठलं केलं, नाहीतर फोडणीचा वास जिन्यात गेला की समोरच्या आजी चिठ्ठी लावतात म्हणे. तारा भाकरीचा पापुद्रा सोलून खात होती. मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींना आपापलं बरोबर कळायचं. मराठी शब्द तिच्याकडे एकच पक्का होता, आत्या. तो मात्र ती दिवसातून चाळीस वेळा वापरायची.

"ताई, आल्झो, म्हणजे, एक कळत नाही मला," मिलिंद म्हणाला. "तिथे अजून लढाई चालू आहे ना? मग प्लॅन कशाचा करताय?"

"लढाई थांबते त्या दिवशी कागद तयार नसेल, तर जो पहिला सिमेंटचा ट्रक घेऊन येतो तोच ठरवतो गाव कुठे बसवायचं."

"गेनाऊ, बरोबर," तो म्हणाला, पण मान हलवली ती पटल्यासारखी नव्हती. "आणि माणसं परत गेलीच नाहीत तर?"

मी भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी फुटपाथ समजून सायकलच्या वाटेवर उभी राहिले आणि एका म्हातारबुवांनी घंटी वाजवून, वर दोन वाक्यं ऐकवून मला बाजूला केलं. "अहो ताई, तो लाल पट्टा सोडून कुठेही उभ्या राहा," प्रज्ञा हसत म्हणाली, "इथे लोक एरवी शांत असतात, पण त्या पट्ट्यावर नाही." आपल्याकडे रस्ता सगळ्यांचा असतो, म्हणजे कोणाचाच नसतो. इथे रस्त्याच्या प्रत्येक फुटाला धनी आहे. नियोजनाच्या वर्गात मी मुलांना हेच तर शिकवते, आणि स्वतः पट्ट्यावर उभी.

येनाला जाणारी गाडी मिलिंदने बसवून दिली. वाटेत एका स्टेशनावर गाडीचे दोन भाग होतात, पुढचे डबे एकीकडे जातात, मागचे दुसरीकडे, हे त्याने तीनदा सांगितलं होतं. मी खिडकीतून पिवळी झालेली झाडं बघत बसले आणि येनाऐवजी कोबुर्गला पोचले. डोंगरावर किल्ला दिसला, तो हा. स्टेशनापासून चालत चौकात गेले. तिथे पाइनच्या सुक्या बोंडांवर भाजलेले सॉसेज पावात घालून देतात. धुराचा वास चुलीवरच्या वांग्यासारखा. उभ्या उभ्या खाल्लं आणि दोन गाड्या बदलून संध्याकाळी येनात उतरले. गाड्या वेळेवर होत्या. मीच नव्हते.

येना

येनाच्या स्टेशनाचं नाव पाराडीज. स्वर्ग. शेजारी नदीकाठी त्या नावाची बाग आहे म्हणून. फलाटावर एक उंच, किंचित वाकलेला गृहस्थ माझ्या नावाचा कागद घेऊन उभा होता. त्याने तो किती वेळ धरला होता हे विचारायची मला लाज वाटली.

"मादाम फांदाना?" तो म्हणाला. इंग्रजी V चा उच्चार अरबीत नाही, त्याचा फ होतो. वंदनाची मी तिथे फांदाना झाले ती शेवटपर्यंत. "मी नबील. मीही इथेच उतरलो होतो, दोन वर्षांपूर्वी. लोकांना म्हटलं, पाहा, मी मेलो आणि स्वर्गात आलो. आणि स्वर्गात पहिला प्रश्न काय? आनमेल्डुंग केलंय का?" आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. ती नसेल तर जर्मनीत माणूस असूनही नसतो.

नबील पन्नाशीचा. सीरियात जिल्ह्याच्या नियोजन कचेरीत पंचवीस वर्षं काढलेला. ज्या खोऱ्याचा आराखडा चालला होता तिथलाच तो. रेनाटेबाईंनी त्याला शोधून काढलं, तेव्हा तो एका गोदामात खोकी उचलत होता.

संस्था जुन्या घरात होती आणि तिच्या एका पूर्ण भिंतीवर ते खोरं. मी पुष्कळ नकाशे पाहिलेत, पण इतका हात फिरलेला नकाशा पाहिला नव्हता. वरच्या बाजूला झरा. झऱ्याखाली एक गाव, खोऱ्याच्या तोंडाशी दुसरं. सगळे त्यांना वरचं गाव आणि खालचं गाव म्हणत, मीही तसंच म्हणते. दोन गावांचे पंथ वेगळे. कुठलं गाव कुठल्या पंथाचं, ते इथे लिहीत नाही. ते वाचलं की वाचणारा लगेच बाजू घेतो, हे मी तिथे पाहिलं.

लढाईच्या आधी झऱ्याचं पाणी एका पाटाने दोन्ही गावांना जायचं. लढाईत पाट फुटला, बागा सरपणासाठी तोडल्या गेल्या, ज्याच्या हाती बंदूक त्याने विंधनविहीर खणली आणि झरा अर्ध्यावर आला. नबीलचा हिशेब साधा होता. पाणी आहे ते एकाच योजनेला पुरेल. दोन्ही गावांच्या मधोमध चौफुली आहे, तिथे सपाट जागा आहे, दोन्ही गावांहून थोडी उंच, पुराच्या पातळीच्या वर. तिथे एक टाकी, एक शाळा, एक दवाखाना. पाणी उताराने आपोआप दोन्हीकडे जाईल, पंप लागणार नाही. दोन टाक्या केल्या तर झऱ्याचं पाणी वरच्या टाकीतच संपेल, खालच्या गावाला जमिनीतून पंपाने उपसा करावा लागेल आणि उपसा सुरू झाला की झरा टिकणार नाही.

मी दोन दिवस आकडे तपासले. चुका शोधायला आले होते, मोठी चूक एकही सापडली नाही. रेनाटेबाईंना तसं सांगितलं.

"तुम्हाला सापडली नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी लोकांना सापडेल."

शनिवारी जनसुनावणी होती. आपल्याकडे धरण, रस्ता, कारखाना असला की गावात मांडव घालून घेतात तशीच. फक्त गाव इथे नव्हतं. त्या खोऱ्यातली जी माणसं जर्मनीत येऊन पडली होती, कोणी लाइपझिगला, कोणी कासेलला, कोणी बर्लिनला, त्यांना गाडीने येनात बोलावलं होतं.

मधल्या एका दुपारी रेनाटेबाई मला गावाबाहेरच्या टेकडीवर घेऊन गेल्या. येनाभोवती चुनखडीच्या पांढऱ्या टेकड्या आहेत, मधून नदी, आणि गावाच्या छातीवर एक प्रचंड गोल मनोरा. जुनी वस्ती पाडून तो उभा केला, त्या म्हणाल्या, तेव्हाच्या नियोजनकारांना ते भविष्य वाटलं होतं. वर एका खानावळीत बटाट्याचे मोठे गुळगुळीत गोळे आणि त्यावर रस्सा खाल्ला, मग आलुबुखाराचा केक. त्यांची आई महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलली गेलेली. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. "आई शेवटपर्यंत 'घरी' म्हणायची ते त्या घराला. कधी गेली नाही. मी गेले एकदा. पडदे छान होते. समोरच्या बाजूने फोटो काढला आणि परत आले." मग त्यांनी केकचा उरलेला तुकडा माझ्या बशीत सरकवला आणि विषय बदलला.

लोबेडा

सुनावणीच्या आदल्या दिवशी नबीलने जेवायला बोलावलं. तो लोबेडा भागात राहायचा. ट्राम नदीकाठाने जाते आणि एकदम दहा-दहा मजल्यांच्या एकसारख्या इमारतींमध्ये शिरते. त्याची बायको लैला दारात उभी होती. ठेंगणी, गोरी, डोक्याला घट्ट रुमाल. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत.

जेवणात मसूर आणि भात एकत्र शिजवून वर काळपट होईस्तोवर तळलेला कांदा. मी म्हटलं, ही तर आमची खिचडी. नबीलने भाषांतर केलं तेव्हा तिला ते फारसं आवडलं नसावं. तिने मला आणखी वाढून, आता पुन्हा चाखून बघा, अशी खूण केली. कांद्यामुळे ते खिचडीपेक्षा वेगळं होतं, मान्य करते. सोबत दही, ऑलिव्ह, मोठ्या पातळ रोट्या. ती माझ्याबद्दल एकेक विचारत राहिली. आई आहे का? गेली. वडील? गेले. भाऊ किती?

"एक," मी म्हटलं. "इथेच असतो, एर्लांगेनला."

नबीलने हे भाषांतर करायला थोडा वेळ घेतला. लैला उठली आणि पाणी आणायला गेली. पाणी टेबलावर होतं.

ट्रामच्या थांब्यावर सोडायला आला तेव्हा त्याने सांगितलं. तो वरच्या गावचा, लैला खालच्या गावची. लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं जेवायला होती. लढाई सुरू झाली त्या वर्षी लैलाचा धाकटा भाऊ यूसुफ चौफुलीवर मिनिबसमधून उतरवला गेला. त्याच्याबरोबर आणखी काही जण. बसमधल्या बाकीच्यांना जाऊ दिलं. त्यानंतर यूसुफचं काही कळलं नाही.

"कोणी उतरवलं?"

"माझ्या गावच्या पोरांनी."

ट्राम आली आणि गेली. मी चढले नाही.

"आणि तुम्ही शाळा आणि टाकी तिथेच..."

"बाकी सगळीकडे उतार आहे," नबील म्हणाला. "तुम्ही स्वतः तपासलंत. तिने मला विचारलं होतं, टाकी कुठे. मी सांगितलं, चौफुलीवर. त्यानंतर तिने नकाशाचं नाव काढलं नाही. ती उद्या येणार नाही."

सुनावणी

लोबेडातल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी होती. खुर्च्या आम्ही गोल मांडल्या होत्या. लोक आले आणि पाच मिनिटांत गोलाचे दोन अर्धे झाले, मध्ये दोन्हीकडे मोकळी वाट. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. बायकांनी डबे आणले होते, तेही दोन वेगळ्या टेबलांवर ठेवले गेले. मला हे दृश्य इतकं ओळखीचं होतं की अरबी न कळूनही सगळं कळत होतं. माझ्याशेजारी रीम नावाची विद्यार्थिनी बसली होती. ती सीरियातल्या मोठ्या शहरातली, खोऱ्यातली नव्हती. बोलणं ती माझ्या कानाशी इंग्रजीत सांगत होती.

नबीलने नकाशा समजावून सांगितला. बागा, बांध, विहिरींवर बंदी, सगळ्याला लोकांनी माना हलवल्या. झऱ्याचा फोटो पडद्यावर आला तेव्हा दोन्ही अर्ध्यांतून एकच सुस्कारा निघाला. मग चौफुली आली.

खालच्या गावचे अबू सामी उठले. तिकडे त्यांची बेकरी होती, इथे ते कासेलला एका बेकरीत कामाला. "आमची पोरं त्या चौफुलीवर शाळेत जाणार नाहीत," ते म्हणाले. "टाकीही नको. आमची टाकी आमच्या गावात करा."

वरच्या गावचा एक जण बसूनच म्हणाला, "मग झरा आमच्या गावात आहे, हेही लक्षात ठेवा."

आवाज चढले. रीमने भाषांतर थांबवलं, सगळे एकदम बोलत होते. रेनाटेबाई उठल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वंदना, तुम्ही सांगा. दोन टाक्यांचं काय होतं ते."

मी तांत्रिक बोलायचं ठरवून उभी राहिले. पण त्या दोन टेबलांकडे लक्ष गेलं आणि वेगळंच बोलले. म्हटलं, माझं गाव जालन्याकडचं. आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाबाहेर. गावाची विहीर वेगळी, आमची वेगळी. आमची उन्हाळ्यात आटायची. मग माझी आई घागर घेऊन गावच्या विहिरीपाशी जायची आणि लांब उभी राहायची, कोणीतरी वरून ओतेल म्हणून. कधी ओतायचे, कधी नाही. दोन विहिरी असल्या की एक आटते, आणि ती नेहमी एकाच बाजूची आटते. म्हणून मी या धंद्यात आले. तुम्ही एकच टाकी करा.

रीम वाक्यावाक्याला भाषांतर करत होती. दोन्हीकडचे लोक पुढे झुकून ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

अबू सामींनी विचारलं, अगदी सौम्यपणे, "आणि आता, तुमच्या गावात एकच विहीर आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "आता नळ आहेत," मी म्हटलं. "टाक्या दोन आहेत."

कोणीतरी हसलं. अबू सामी हसले नाहीत. "तुमच्याकडे तर लढाईसुद्धा झाली नव्हती," ते म्हणाले आणि खाली बसले.

मीही बसले. लढाई झाली नव्हती, हे खरंच. त्याला काय म्हणायचं, हे मात्र मला त्या हॉलमध्ये उभं राहून सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि लैला आत आली. अंगावर कोट तसाच. ती खालच्या गावाच्या बाजूला गेली नाही, वरच्या गावाच्याही नाही. मधल्या मोकळ्या वाटेने सरळ पुढे नकाशापाशी आली. नबील बाजूला झाला. तिने नकाशा प्रथमच पाहिला असावा, कारण चौफुली शोधायला तिला वेळ लागला. सापडल्यावर तिने त्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळली.

"शाळा बांधा," ती म्हणाली. "टाकी बांधा. माझं काही म्हणणं नाही. फक्त पाया खणाल तेव्हा हळू खणा. यंत्र लावू नका, हाताने खणा. माझा भाऊ तिथे असेल."

रीमने शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. मी तिचा हात धरला. हॉलमध्ये एक लहान मूल पावाचा तुकडा मागत होतं.

आणि मग वरच्या गावाच्या बाजूने एक म्हातारी उठली. तिला सगळे उम्म खालिद म्हणत, खालिदची आई. खालिद कुठे आहे ते त्या दिवशी कोणी विचारलं नाही. शेजारच्या माणसाने तिची बाही ओढली, तिने ती सोडवून घेतली आणि हळूहळू चालत नकाशापर्यंत गेली. लैलाच्या शेजारी उभी राहिली. नकाशा तिला वाचता येत नसावा. तिने नबीलला विचारलं, "झरा कुठे? बसचा रस्ता कुठे?" नबीलने दाखवलं. तिचं बोट रस्त्यावरून चौफुलीपर्यंत आलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलं.

"शाळेच्या जागेवर नाहीत ते," ती म्हणाली. "इथे. अंजिराचं झाड होतं तिथे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या घेऊन गेले तर माती नवी होती. देश सोडेपर्यंत मी पुन्हा त्या वाटेने शेळ्या नेल्या नाहीत."

तिच्या बाजूने दोघे-तिघे ओरडले. काय, ते रीमने सांगितलं नाही. अबू सामी चेहरा झाकून बसले होते. नंतर कळलं, बसमधून उतरवलेल्यांत त्यांचा पुतण्याही होता.

मी लैलाकडे बघत होते. ती त्या बोटाकडे बघत होती. इतकी वर्षं ती 'असेल' म्हणत होती. म्हणजे कदाचित नसेलही. कुठल्या तुरुंगात असेल, सीमेपलीकडे असेल, एखाद्या दिवशी फोन येईल. आता बोट तिथे होतं. तिने मान हलवली, जणू कोणी पत्ता सांगितला आणि तिला तो समजला. मग ती उभ्या जागीच खाली बसू लागली. नबील धावला, पण तिला सावरलं उम्म खालिदने, तीच जवळ होती. दोघी नकाशाखाली जमिनीवर बसल्या. लैलाने तिचा हात झटकून टाकला. म्हातारीने तो पुन्हा धरला नाही, पण उठलीही नाही.

सुनावणी तिथेच संपली. डबे तसेच राहिले.

सोमवार

उम्म खालिदचं बोट जिथे टेकलं होतं, तिथे आमच्या आराखड्यात टाकी होती.

सोमवारी आम्ही तिघं नकाशासमोर बसलो. नबीलचे डोळे सुजलेले होते, दाढी वाढली होती, पण तो आला होता. रेनाटेबाई म्हणाल्या, ती जागा मोकळी सोडायची, शोध घेतल्याशिवाय तिथे फावडं लावायचं नाही, हे आराखड्याचं पहिलं काम म्हणून लिहू. त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. मग टाकी कुठे? शाळेच्या बाजूला जागा पुरत नव्हती, वर सरकवावी तर दरड, खाली सरकवावी तर पूर. दुपारपर्यंत मी प्रत्येक जागा मोजून पाहिली. शेवटी उरलं तेच, जे अबू सामींनी मागितलं होतं. एक टाकी वर, एक खाली, खालचीला पंप.

"झरा किती वर्षं टिकेल?" नबीलने विचारलं.

"पाऊस बरा झाला तर वीस. नाहीतर त्याहून कमी."

"लिहा," तो म्हणाला.

चौफुलीवरची टाकी मीच पुसली. तिच्या जागी नबीलने कबरस्तानाची खूण काढली, छोटी, आणि दिव्याखाली वाकून ती पुन्हा पुन्हा गडद करत राहिला. शाळेचं त्या आठवड्यात ठरलं नाही. अहवालात तिच्या जागेभोवती तुटक रेषा आहे, म्हणजे लोकांशी बोलणं बाकी. हे लिहीपर्यंत ते बाकीच आहे. खोऱ्यात अजून कोणी परतलेलं नाही.

संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. "ताई, झालं का काम? आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, सर्दी झालीय, इथे फार धुकं असतं. धुकं खरंच होतं. नदीवरून उठून ते मनोऱ्याच्या अर्ध्यापर्यंत चढलं होतं. "तारा विचारतेय, आत्या कधी येणार." मी म्हटलं, रविवारी. आणि मग उगाचच त्याला धरून ठेवलं फोनवर, जेवलास का, थंडीत टोपी घालून जा सायकलवर, असलं काहीबाही.

रविवार

लैलाने दुःखाची बैठक ठेवली होती. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर तीन दिवस घर उघडं ठेवतात, लोक येऊन बसतात, बिनसाखरेची कडू कॉफी दिली जाते. यूसुफचे ते तीन दिवस कधी झालेच नव्हते. ते आता होत होते, येनातल्या सहाव्या मजल्यावर, अंगणाशिवाय, मातीशिवाय. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या घरी आपण न बोलता जाऊन बसतो. तेवढं मला येत होतं. माझी एर्लांगेनची गाडी दुपारची होती, त्याआधी गेले.

इमारतीखाली दारापाशी उम्म खालिद उभी होती. काळा लांब झगा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली रोटी. ती लाइपझिगला राहायची, तिथून एकटी आली असावी. दारावर घंट्यांची मोठी पाटी आणि प्रत्येक घंटीपुढे लॅटिन अक्षरांत आडनाव. ती बोटाने एकेक नाव चाचपत होती, पण वाचता येत नव्हतं की बटण दाबायचा धीर होत नव्हता, मला कळलं नाही. मला पाहून ती मागे सरली. मी नबीलचं आडनाव शोधलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले. मी बटण दाबलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघी. तिच्या कपड्यांना धुराचा आणि साबणाचा वास होता. सहाव्या मजल्यावर दार अर्धं उघडं होतं, आतून माणसांची कुजबुज. दाराबाहेर चपला-बुटांची रांग. लैला दारात आली. माझ्याकडे तिने पाहिलं, आणि मग माझ्या मागे.

आतली कुजबुज थांबली. मागून नबील आला आणि तोही तिथेच थांबला. म्हातारीने पिशवी पुढे केली. मला वाटतं, तिने वाटेत पुष्कळ शब्द जुळवले असतील.

लैलाने पिशवी घेतली नाही. पण ती दारातून बाजूला झाली, भिंतीला पाठ टेकून, एका माणसाला जाता येईल एवढी.

"तफद्दली," ती म्हणाली. आत या.

तिचा आवाज कोरडा होता, त्यात माया नव्हती. म्हातारीने वाकून बूट काढले, इतरांच्या बुटांपासून थोडे लांब ठेवले आणि आत गेली. लैला तिच्याकडे न पाहता स्वयंपाकघरात गेली. थोड्याच वेळात आतून पितळी भांड्यातून कॉफी ओतल्याचा आवाज आला, आणि एक कप कमी पडला म्हणून कोणीतरी दुसरा विसळत होतं.